दयाबाईंच्या घराचा एक हात

मी, दबोरा योहान रणनवरे, वय वर्षे चोवीस, धंदा प्राथमिक शिक्षिका, धर्म ख्रिस्ती, राहणार न्हावऱ्याजवळची वाडी, तालुका शिरूर, जिल्हा पुणे, या लेखात इतर काहीही लिहिण्यापूर्वी एक चूक दुरुस्त करते.

सन १९६१ च्या जून महिन्यात मी माझे पहिले मृत्युपत्र लिहिले. त्याच्या चौथ्या कलमात असे म्हटले होते की, कै. बाबांची विम्याची पॉलिसी ही ‘पॉलिटी’, म्हणजे राज्यव्यवस्था, या इंग्रजी शब्दाची सख्खी बहीण आहे, सबब ती आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवरील शब्दांच्या वंशावळीपासून वेगळी करू नये. हे साफ चूक आहे. विम्याची पॉलिसी त्या घराण्यातली नाही. तिचे मूळ ‘पुरावा’ या अर्थाच्या दुसऱ्याच एका ग्रीक शब्दात आहे आणि ती इटलीतल्या व्यापाऱ्यांच्या पावत्यांतून इंग्लंडात आली. गेल्या मे महिन्यात शिक्षकांच्या वर्गासाठी पुण्यास गेले असता मी हे थोरल्या कोशात स्वतः पाहिले, आणि त्या दिवशी मला जेवण गेले नाही. चूक बाबांची होती, पण लिहिली मी, म्हणून ती माझी. नाव तेच आणि चेहरामोहराही तोच, एवढ्याने कोणी वारस ठरत नाही. हे मी शब्दांविषयी लिहीत आहे. शलमोनकाकांनी मनाला लावून घेऊ नये.

ते पहिले मृत्युपत्र या लेखाने रद्द समजावे. हा लेख मी पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाखाली न येता, राजीखुशीने लिहीत आहे. मला थोडा खोकला आहे. बाकी प्रकृती ठीक आहे आणि लवकर मरण्याचा माझा विचार नाही.

मग चोविसाव्या वर्षी मृत्युपत्र कशाला, असे आईने विचारले. त्याला दोन कारणे आहेत. पहिले असे की, बाबांनी आयुष्यभर परक्या शब्दांचे वारस शोधले आणि स्वतःच्या मागे एक ओळही लिहून ठेवली नाही. त्यामुळे ते वारल्याच्या तिसऱ्या दिवशी त्यांचा काळा कोट त्यांचे धाकटे बंधू शलमोनकाका यांच्या अंगावर होता. दुसरे कारण हेलनमावशी.

हेलनमावशी आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या सभासद होत्या. सहा वर्षांपूर्वी वार्षिक सभेत त्या उठून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “विहिरीच्या पाळ्या ठरवता, तर पाणी भरणाऱ्यांना इचारलं का कुणी?” एवढेच. पुढच्या रविवारी मंडळीचे पंच या नात्याने शलमोनकाकांनी सांगितले, “हेलनबाईच्या डोक्यात फरक पडलाय. त्यांच्यासाठी प्रार्थना करू या.” सर्वांनी प्रार्थना केली. ती फार लांबली. नंतर बऱ्या होईपर्यंत त्यांचे नाव सभासदांतून कमी करण्यात आले. हेलनमावशी आज दौंडला एका दवाखान्यात रोग्यांना औषधे देतात आणि त्यात चूक झाल्याचे कोणी ऐकलेले नाही. पण मंडळीच्या लेखी त्या अद्याप बऱ्या व्हायच्या आहेत. त्या उभ्या राहिल्या तेव्हा शुद्धीत होत्या, असे सांगणारा एकही साक्षीदार त्यांनी आधी करून ठेवला नव्हता. मी करून ठेवत आहे.

कलम पहिले. राहते घर.

जमीन मंडळीची, भिंती बाबांच्या. भिंती मी आई दयाबाई यांना देते. देता येत असतील तर.

येथे आमच्या मंडळीची रीत लिहिणे भाग आहे, कारण हा लेख शिरूरच्या वकिलांपुढे जाणार आहे आणि ते आमच्यातले नाहीत. वार्षिक सभेत ठराव हात वर करून होतो. हात घरामागे एक, आणि तो घरातल्या पुरुषाचा. ज्या घरात पुरुष नाही, त्या घराचा हात सर्वांत जवळचा पुरुष नातेवाईक वर करतो. बाबा वारल्यापासून दयाबाईंच्या घराचा हात शलमोनकाका वर करतात. उजवा हात त्यांच्या घराचा, डावा आमचा. त्यामुळे आमच्या घरातून कधीही विरोध आलेला नाही.

या वर्षीच्या सभेपुढे ठराव असा आहे की, मास्तर (म्हणजे बाबा) वारले असल्याने मास्तरांची जागा मोकळी करून घ्यावी आणि तेथे काकांचे चिरंजीव गिदोन यांना पिठाची गिरणी घालण्यास द्यावी. मंडळीत दोन्ही बाजू सारख्या पडल्या आहेत. एका हाताने निकाल लागेल, असे मंडळीचे धर्मगुरू पाळकसाहेब यांनीच आईला सांगितले. तो हात आमच्या घराचा आहे आणि तो काकांच्या खांद्याला आहे. आम्हाला आमच्याच हाताने घराबाहेर काढले जाईल. ही सोय इतकी चोख आहे की तिचे कौतुक केल्यावाचून राहवत नाही.

कलम दुसरे. स्वयंपाकघराची भिंत व तिच्यावरील वंशावळ.

मी दहा वर्षांची होईपर्यंत शाळेत गेले नाही. बाबांनी मला त्या भिंतीवर शिकवले. आई चुलीतला कोळसा काढून देई आणि बाबा भिंतीवर एकेक शब्द आजोबा-पणजोबांसकट काढीत. दर नाताळात आई भिंतीला चुना देई. म्हणे, “तुमचं ग्रीस आन् रोम झालं असंल, तर पाहुणे यायच्या आत मला भिंत द्या.” बाबा जानेवारीत पुन्हा लिहीत. तेव्हा त्या भिंतीत चुन्याच्या थराथरांत जे आहे ते सर्व मी आईला देते. गिरणीचा पट्टा बसवण्यासाठी त्याच भिंतीला भोक पाडावे लागेल, असे गिदोनने मोजून ठेवले आहे.

सर्वांत मोठी वंशावळ ‘पॉलिटी’ची होती. बाबांनी मंडळीच्या कारभाराच्या नियमांचे इंग्रजीतून मराठीत भाषांतर केले होते. त्या नियमांच्या माथ्यावरच हा शब्द होता आणि त्याला मराठी शब्द शोधण्यात त्यांची बरीच वर्षे गेली. त्यांनी सांगितलेली कुळकथा अशी.

मूळ पुरुष ग्रीसमधला. त्याचे नाव पोलिस, म्हणजे नगर. नगरातल्या माणसांनी एकत्र जमून आपला कारभार आपण ठरवायचा, या रीतीला त्यावरून एक लांब नाव पडले. जमणाऱ्यांत बायका, गुलाम आणि परगावचे लोक धरत नसत. बाकी सर्वांना पूर्ण स्वातंत्र्य होते. पुढे रोमी लोकांनी ते नाव आपल्या भाषेत घेतले, फ्रेंचांनी त्याचा शेवट मऊ केला, आणि पाचसहाशे वर्षांपूर्वी ते इंग्लंडात उतरले. तेथे त्याला तीन मुले झाली: पॉलिसी, पोलीस आणि पॉलिटी. (ही पॉलिसी धोरणाची. विम्याची नव्हे. वर पाहावे.) सुरुवातीला तिघे एकत्र राहत होते आणि तिघांचा अर्थ जवळजवळ एकच होता, नीट चाललेले राज्य. मग वाटण्या झाल्या. पॉलिसीने अक्कल उचलली. तिच्यात शहाणपण किती आणि कावा किती, हे तेव्हापासून कोणालाच नीट सांगता आलेले नाही. पोलीस पूर्वी साऱ्या राज्यव्यवस्थेला म्हणत. त्याने काठी घेतली आणि बाकीचे सोडून दिले. पॉलिटीच्या वाट्याला अब्रू आली. ती विद्वानांच्या पुस्तकांत राहते, आणि रविवारी मंडळीत येते.

हे बाबांनी गावचे पोलीस पाटील सोपानराव यांना एकदा ओट्यावर सांगितले. सोपानराव विचार करून म्हणाले, “म्हंजी मास्तर, येका काळी समदं राज्य मीच व्हतो म्हणा की.”

“तसं म्हणायला हरकत नाही.”

“मंग वाटणीत काठीच का घेतली आमच्या वाडवडलांनी? जमीन न्हवती का?”

बाबा खूप हसले. मराठी शब्द म्हणून त्यांनी शेवटी ‘कारभार’ लिहिला आणि त्याखाली पहिला नियम: मंडळीच्या कारभारात प्रत्येक सभासदाला, मग तो पुरुष असो वा स्त्री, एक हात आहे. हा नियम छापलेला आहे, देवळात (आमच्या चर्चमध्ये) खुंटीला टांगलेला आहे आणि सर्वांना पाठ आहे. तो मोडला जातो असे मुळीच नाही. त्याला फक्त सभेत बोलावत नाहीत. भाषांतरकाराने स्वतः त्या नियमाखाली बसून वीस वर्षे आईचा हात आपल्या हातात धरून वर केला. आई तेव्हा मागे सभेसाठी चहा करत असे. बाबांवर माझी फार माया होती. म्हणून हे गाळले असते तर ते खोटे झाले असते.

गेल्या वर्षीच्या निवडणुकीत दिल्लीच्या सरकारने आईच्या बोटाला शाई लावली आणि तिचे मत वेगळे मोजले. ज्या मंडळीने हा शब्द वाडीत आणला, तिला ते अजून जमलेले नाही.

कलम तिसरे. पोस्टातील शिल्लक व माझी दोन पुस्तके आईला. आईने त्यातून नवीन लुगडे घ्यावे आणि ते बहिणीला देऊन टाकू नये.

कलम चौथे. माझी सायकल हेलनमावशींना. त्यांना चालवता येत नाही, पण शिकतील. त्यांचे डोके शाबूत आहे.

कलम पाचवे. बाबांचा चष्मा पाळकसाहेबांना. देवळात उजवीकडे पुरुष बसतात, ते सर्व हात त्यांना स्पष्ट दिसतात. डावीकडे सतरंजीवर बायका बसतात, तेथे त्यांना अंधूक दिसते, असा माझा समज आहे. चष्मा लावूनही दिसले नाही, तर दोष डोळ्यांचा नाही, असे धरून चालावे.

कलम सहावे. चुना देण्याचा कुंचा चि. गिदोन यास. पीठ उडाले की त्याला उपयोगी पडेल. तो वाईट मुलगा नाही. गिरणी कासुर्डीला हमरस्त्यावर जास्त चालेल, हे मी त्याला दोनदा सांगितले. दोन्ही वेळा तो म्हणाला, “आप्पांना इचारतो.” आप्पा म्हणजे काका. त्याच्याही घरात हात एकच आहे.

कलम सातवे. शलमोनकाका यांना मी बाबांचा काळा कोट देते. तो चार वर्षे त्यांच्याच अंगावर आहे, परंतु रीतसर दिलेला बरा.

तथापि काका या लेखाचे साक्षीदार आहेत. आम्हा ख्रिस्ती लोकांना लागू असलेल्या वारसा कायद्याप्रमाणे साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळू शकत नाही, त्याची साक्ष मात्र पक्की राहते. हे मला शिरूरच्या वकिलांनी समजावले. सबब कोट रद्द. तो आईकडे परत द्यावा, बटणांसह.

साक्षीदार म्हणून काकांनाच का घेतले, हे लिहून ठेवते, कारण मला याचीच जास्त धास्ती आहे. मी त्यांना फसवते आहे का, हा प्रश्न मी स्वतःला पुष्कळदा विचारला. पहिल्या मृत्युपत्रावर तेच साक्षीदार होते. तेव्हा मी कागद पुढे करून म्हटले होते, “काका, वाचून घ्या.” ते म्हणाले, “पोरीच्या मृत्युपत्रात काय वाचायचं? दोन लुगडी आन् येक बायबल. सही कुठं करू ते दाव.” आज दुपारी ते चहाला येणार आहेत. मी कागद पुन्हा त्यांच्या पुढे ठेवीन, चष्मा देईन आणि वाचा म्हणेन. वाचले तर त्यांना सर्व कळेल आणि ते सही करणार नाहीत. मग मला दुसरा उपाय नाही. न वाचता सही केली, तर त्यात माझी फसवणूक कोणती, हे मला कोणीतरी सांगावे.

कलम आठवे. पहिल्या मृत्युपत्राचे व्यवस्थापक काका होते. या लेखाचे व्यवस्थापक म्हणून त्यांच्या जागी सोपानराव यांना नेमते.

कलम नववे व शेवटचे. वार्षिक सभेत ठराव मांडला जाईल तेव्हा काका आमच्या घराचा हात ठरावाच्या बाजूने वर करतील. त्याच वेळी मी सतरंजीवरून उठून माझा हात विरोधात वर करीन. आईला मी तसे करायला सांगितलेले नाही. ती म्हणाली, “चहा करायचा का न्हाई ते तरी सांग.” मी म्हटले, नको करूस. त्यावर ती हात धुऊन माझ्या शेजारी येऊन बसली.  सतरंजीवरचा हात मोजू नये असा नियम छापलेला नाही. मी पाहून घेतले आहे. त्यानंतर जर कोणी माझ्यासाठी प्रार्थना करू लागले, तर सोपानराव यांनी या लेखाखालच्या साक्षीदारांच्या सह्या मोठ्याने वाचून दाखवाव्यात, आणि पहिली सही आधी वाचावी.

वर लिहिलेले सर्व माझे आहे व खरे आहे.

(सही) दबोरा योहान रणनवरे

साक्षीदार:

१. दबोरा हिने माझ्यासमोर सही केली. ती पूर्ण शुद्धीत आहे व तिचे डोके ठिकाणावर आहे.
(सही) शलमोन रणनवरे, मंडळीचे पंच
(कागद व चष्मा दिला. वाचले नाही. साखर कमी आहे म्हणाले.)

२. वरीलप्रमाणे. मी वाचले हाय.
(सही) सोपानराव, पोलीस पाटील

ठिकाण: न्हावऱ्याजवळची वाडी, तालुका शिरूर.

लेखाची तारीख: शनिवार, १२ जानेवारी १९६३.

हात वर करण्याची तारीख: रविवार, २७ जानेवारी १९६३.