खोडलेली ओळ

दुशंबे, १४ सप्टेंबर १९७६

ती. खोलाजान हिस सनोबरचा शि. सा. सलाम, वि. वि.

मी सुखरूप पोहोचले. घाटात ट्रक दोनदा तापला, तेव्हा ड्रायव्हर म्हणाला की गाडी दमली आहे, रुसलेली नाही, आणि खरंच पाणी पाजल्यावर निघाली. वसतिगृहात एका खोलीत आम्ही चौघी. बाकीच्या तिघी शहरातल्या, भराभर बोलतात आणि मी तोंड उघडलं की एकमेकींकडे बघतात. आपल्या डोंगरातल्या बोलीचं त्यांना फार हसू येतं, म्हणून मी बोलणंच कमी केलंय. आई गेली तेव्हापासून, म्हणजे सहाव्या वर्षापासून, मी तुझ्याच रजईत झोपलेली. खोलाची, माझ्या मावशीची, कूस सोडून झोपायची सवय नाही. इथल्या पलंगावर दोन्ही बाजूंनी गार लागतं.

आता वर्गाची गंमत. काव्य शिकवायला साफार दोमुल्लो आहेत. इथे मोठ्या मास्तरांना दोमुल्लोच म्हणतात. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं की कविता कुणाला आवडते. मी आपला हात वर केला. ते म्हणाले की आवडायला जर्दाळू असतात, कवितेत काय दिसलं ते सांग. मी म्हटलं, छान असते. आता वर्गात कुणी 'छान आहे' म्हटलं तर त्याला उभं करतात. ओळीचं वजन मोजायचं, बोलणारा कोण, कुणाशी बोलतोय आणि काय लपवतोय ते शोधायचं. मला ते जमतंय बरं का, आणि आवडतंयही.

प्रत्येकाने आपल्या गावच्या, कुठेही न छापलेल्या ओळी आणायच्या आहेत. तुझी बयाज पाठवशील? ती कवितांची निळी वही. लग्नघरी बैतबराकच्या भेंड्यांत सगळ्या बायका अक्षरावर अडकल्या की तू कुणी न ऐकलेली ओळ काढतेस आणि जुन्या बायकांची म्हणून सांगतेस, त्या त्यात असतीलच. मला इथे एकदा काहीतरी करून दाखवायचंय, म्हणजे हसणं थांबेल.

माया पातळ होऊ देऊ नकोस, एवढंच मागणं.
तुझी सनोबर


तगोब, ६ ऑक्टोबर १९७६

चि. सनोबर हिस अ. उ. आ.

पत्र मिळालं. टपाल शाळेत येतं, नियोझ मास्तर ते घरी आणून देतात आणि दोन प्याले चहा झाल्याशिवाय हलत नाहीत, त्यामुळे तुझ्या खुशालीचा खर्च मला चांगलाच पडतो. ट्रकबरोबर वही पाठवली आहे, सोबत वाळवलेले जर्दाळू आणि अक्रोड. खोलीतल्या तिघींना आधी अक्रोड दे. तोंड भरलेलं असलं की माणूस हसत नाही.

वहीची शेवटची चार पानं सोडून दे. झऱ्यावरच्या जुन्या बायकांचं काहीबाही आहे. म्हणणाऱ्या मेल्या, आता कुणाला विचारशील.

तुझ्या दोमुल्लोंना सलाम सांग. ते शिकले-सवरलेले, मी काय बोलावं. पण माझ्या वडिलांनी माझ्याकडून शेकडो ओळी पाठ करून घेतल्या आणि एकीचाही अर्थ सांगितला नाही. वय झालं की कळेल म्हणायचे. तसं कळलंही, फक्त तोवर ते ऐकायला राहिले नव्हते. मला वाटतं अर्थाची इतकी घाई करू नये. बाकी तू हुशार आहेस, तुला बरं वाटतं ते कर.

इथे सगळं ठीक. तंदुरात अजून चार नान लावते आणि दोन शिळे होतात. हाताला सांगून कळत नाही. दूध काढताना गाईला ओळी म्हणून दाखवते, ती निदान पुढचं अक्षर मागत नाही. लग्नं सुरू झालीत. परवा भेंड्यांत मी जिंकले, पण कोपऱ्यातून डोळे मोठे करून बघणारं कुणी नव्हतं, तेव्हा जिंकल्यासारखं वाटलं नाही.

जेवत जा. तब्येत सांभाळ, आणि आठवण आली की दोन ओळी टाक.
तुझी खोला


दुशंबे, ५ डिसेंबर १९७६

ती. खोलाजान हिस शि. सा. सलाम, वि. वि.

बर्फाने घाट बंद झाला, आता हे पत्र समरकंदवरून लांबच्या वाटेने येईल. पण बातमी अशी आहे की मला धीर धरवत नाही. तू सोडून दे म्हणालीस त्याच पानांवर मला सोनं सापडलं. ही चार ओळींची कविता बघ:

घाट उघडला, पहिला ट्रक आला तसाच गेला,
दोन प्याले भरले होते, एक मीच संपवला.
दुसऱ्यावर मी चिडले, म्हटलं, इतका गार का रे?
आणि चिडता चिडताच मग तोही पिऊन टाकला.

तू ही नेहमी म्हणायचीस आणि मी प्याल्याला बोलणी बसतात म्हणून हसायची. आता नीट वाचली. तिसरी ओळ वजनात लंगडी आहे. ट्रक आहे म्हणजे कविता रस्ता झाल्यानंतरची, फार जुनी नव्हे. आणि खरी गंमत खाली आहे. चौथ्या ओळीखाली एक ओळ लिहून खोडली आहे. खिडकीच्या काचेवर पान धरून मी ती वाचली: 'बरं झालं, नाही आला.' दोमुल्लो म्हणतात की कवी जे खोडतो तेच आधी वाचावं. मी त्यावरच लेख लिहिला. या बाईला तो माणूस यायला नकोच आहे. वाट पाहणं हे सोंग, आणि दुसरा प्याला शेजाऱ्यांना दिसावा म्हणून.

इथल्या साहित्य मंडळात लेख वाचला. प्याल्याच्या सोंगावर सगळे खो खो हसले, त्या तिघीसुद्धा, पण या वेळी मला नाही. दोमुल्लोंनी पाठ थोपटली आणि लेख संस्थेच्या अंकात छापला. एक अंक तुला आणि एक नियोझ मास्तरांना शाळेसाठी पाठवलाय. गावालाही कळू दे आपल्या झऱ्यावर काय सापडतं ते.

तू अभिमानाने हसशील अशी खात्री आहे. उत्तर लवकर पाठव.
तुझी सनोबर


तगोब, २० जानेवारी १९७७

चि. सनोबर हिस अ. उ. आ.

अंक पोहोचला. छपाई चांगली आहे. तुझं नाव मोठ्या अक्षरात आहे.

नियोझ मास्तरांनी तो शेजारच्या झुलैखोच्या मुलीच्या लग्नात सगळ्यांसमोर वाचून दाखवला. त्यांना वाटलं मला आनंद होईल. बायका मांडीवरच्या ओढण्यांकडे बघत बसल्या. नंतर भेंड्या सुरू झाल्या. माझ्यावर अक्षर आलं, सोपं होतं. मी म्हटलं की आठवत नाही, आणि चुलीकडे जाऊन बसले. त्यानंतर दोन लग्नं झाली, तिथेही नाही आठवलं. आता कुणी आग्रह करत नाही. दूधही मुकाट्याने काढते.

वही परत पाठवू नकोस. तिच्यातलं सगळं मोजून झालं आहे.

बर्फ खूप आहे. मोजे विणले आहेत, ट्रक सुरू झाले की पाठवीन. जेवत जा.
खोला


दुशंबे, १८ फेब्रुवारी १९७७

ती. खोलाजान हिस सनोबरचा सलाम.

तुझं पत्र दहा वेळा वाचलं. दोमुल्लोंनी शिकवलं तसंच वाचलं, कारण दुसरं काही करायला येईनासं झालंय. त्या ओळी जुन्या बायकांच्या असत्या तर तू माझी फजिती केली असतीस, तिसरी ओळ लंगडी म्हणणारी तू कोण म्हणून कान धरला असतास. तू त्या ओळींचं नावसुद्धा काढलं नाहीस. मग वही उघडली. ती चार पानं जांभळ्या शाईत आहेत. त्याच शाईने तू माझ्या शाळेच्या प्रगतिपुस्तकावर सही करायचीस.

तुझ्या नवऱ्याबद्दल, झोइरकाकांबद्दल, तू कधी बोलली नाहीस म्हणून मीही विचारलं नाही. उत्तरेला बांधकामावर गेले, दोन वर्षं पत्रं आली, मग थांबली, एवढंच मला माहीत. बोलणारा कोण, कुणाशी बोलतोय, हे मी दहा पानं भरून शोधत होते, आणि ते माझ्या घरात राहत होतं, दुसरा प्यालाही माझ्यासमोरच मांडला जायचा. मी तुझं दुःख चारचौघांत उलगडून त्याचं हसं केलं. त्या दिवशी सगळे हसले तेव्हा मला इथे पहिल्यांदाच एकटं वाटलं नाही. हे सगळ्यात वाईट आहे, म्हणून तुला सांगते.

मी दोमुल्लोंकडे जाऊन लेख मागे घ्या म्हटलं. कारण सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला. मग म्हणाले की तीस वर्षं शिकवतोय, पण माझ्या एकाही कवीने तक्रार केली नाही, कारण सगळे आधीच मेलेले असतात. छापलेलं मागे घेता येत नाही म्हणाले, आणि मला चहा दिला. नंतर त्या चार ओळी त्यांनी मला साध्या म्हणायला सांगितल्या. मला येईना. प्रत्येक शब्दाशी थांबत होते, वजन बघत होते. पूर्वी भांडी घासताना म्हणायचे मी त्या.

तू पुन्हा म्हण. लग्नात नको, माझ्यासाठी नको, गाईला म्हण. तुझा आवाज माझ्यामुळे बंद झाला तर मी पास होऊन काय करू. मी वही बांधून ठेवली आहे, अर्थ कधी विचारणार नाही.

रागाव, पण पत्र थांबवू नकोस.
सनोबर


तगोब, २६ मार्च १९७७

चि. सनोबर हिस अ. उ. आ.

राग गेला असं लिहिलं तर खोटं होईल. थोडा शिल्लक आहे, जूनमध्ये आलीस की समोर बसवून देईन. परवा गाय व्यायली. वासरू उभं राहीपर्यंत मी तिथेच बसून होते, आणि तोंडातून आपोआप ओळी निघाल्या. त्याच निघाल्या. तिसरी लंगडीच म्हटली, मला ती तशीच बरी वाटते.

लग्नात मात्र अजून जमत नाही. माझा दुसरा प्याला सगळ्यांनी पाहिलेला, म्हणून बायका माझ्याकडे कनवाळूपणे बघतात. पूर्वी हरायच्या भीतीने बघायच्या, ते चांगलं होतं.

तुझा लेख मी शांतपणे पुन्हा वाचला. तू लिहिलंस की त्या बाईला तो यायला नको आहे. तेरा वर्षांत गावात कुणाला कळलं नाही ते तुला चार ओळींवरून कळलं. म्हणजे दोमुल्लो काही फुकटचा पगार घेत नाहीत. चिडले ती तू चुकलीस म्हणून नव्हे. पण का नको आहे ते तुला सापडलं नाही, आणि तू शेजाऱ्यांना दाखवायचं सोंग म्हणून लिहिलंस. तू आता विचारत नाहीस, म्हणून सांगते.

झोइर वाईट माणूस नव्हता. तिकडे नवरा-बायकोला खोली मिळत होती, मुलांना परवानगी नव्हती. तुझी आई नुकतीच गेली होती. तुझ्या बापाने दुसरं लग्न केलं आणि नवीने तुला घरात घ्यायचं नाकारलं. झोइर म्हणाला की मुलीला दोन वर्षं अनाथाश्रमात ठेवू, मग बघू. तू तेव्हा माझं बोट धरल्याशिवाय अंगणातही जात नव्हतीस. मी म्हटलं, तू हो पुढे, मी मागून येते. दोन वर्षं तो प्रत्येक पत्रात कधी येतेस विचारत राहिला आणि मी पुढच्या वसंतात म्हणत राहिले. शेवटच्या पत्रात त्याने विचारलं की बहिणीच्या पोरीसाठी किती दिवस असं करणार. मी लिहिलं की ती बहिणीची नाही, माझी आहे. त्यावर उत्तर आलं नाही.

तरी दर वर्षी घाट उघडला की मी प्याला मांडायची, कारण मला तो हवा होता. आणि ट्रकमधून कुणी उतरलं नाही की माझा जीव भांड्यात पडायचा, कारण तो मला न्यायला आला असता आणि तू मागे राहिली असतीस. तू शेजारी बसून नानचा तुकडा चहात बुडवत असायचीस. हे दोन्ही एकाच कवितेत यावं म्हणून मी फार धडपडले. आलं नाही. जी ओळ खरी होती ती तुझ्या वाचनात कधी येऊ नये म्हणून मी खोडली.

परीक्षा नीट दे. इथली माया आहे तिथेच आहे, तिला काही झालेलं नाही.
तुझी खोला