फलकावरचा शब्द आणि घराचे दोन हिस्से

मी, सयाजी दादू साळोखे, धंदा आचारी, राहणार शिवाजी पेठ, कोल्हापूर, सत्तरी ओलांडली असली तरी डोकं शाबूत आहे. कुणाच्या दाबाखाली नव्हे, तर चहा पिऊन निवांत बसून हे मृत्युपत्र लिहीत आहे.

१. माझी पातेली, पळ्या व शेगड्या पेठेतल्या तालमीला जेवणावळींसाठी द्याव्यात. अट एकच, वाढणाऱ्यानं पळी तळापर्यंत घालावी. ओळखीच्याला मटण आणि परक्याला नुसता रस्सा, हे चालणार नाही. तालमीतल्या सत्कारात अध्यक्ष बाळासोंनी मला 'समतावादी' म्हटलं. "म्हणजे काय वो?" मी विचारलं. "सगळी माणसं सारखी मानणारा." नुसतं मानायला काय लागतंय? समोरच्याचं तोंड बघून जो वाढत नाही, तो समतावादी, असं मी समजतो.

२. राहतं घर माझ्या कष्टाचं आहे. पत्नी अंबूबाई हयात असेतोवर ते तिच्या ताब्यात राहील, बँकेतली ठेवही तिचीच. तिच्यामागं घराचे दोन समान हिस्से: मुलगा विश्वजित आणि कागलला दिलेली मुलगी निशिगंधा.

३. आमच्याकडं बहिणीला साडी नेसवून हक्कसोडपत्रावर सही घेतात. निशिगंधा आपणहून म्हणाली, "आण्णा, मला हिस्सा नगं. दादा बोलायचा बंद झाला तर माहेर कुठलं ऱ्हायलं?" अंबूबाई भाकरी थापता थापता मला म्हणाली, "तुमचा त्यो शब्द सगळी पेठ फिरून आला, आपल्या घरात कवा येणार?" तरी विश्वजितनं साडी जरूर द्यावी, सही मागू नये.

४. माझ्या श्रद्धांजलीच्या फलकावर 'समतावादी' छापायची बाळासोंना आत्तापासूनच हौस. प्रॉपर्टी कार्डावर निशिगंधाचं नाव चढेपर्यंत तो शब्द छापू नये. फलक उशिरा लागला तरी मला घाई नाही.

५. हा मसुदा विश्वजितला वाचायला दिला. दोन दिवसांनी त्यानं दाराची नवी किल्ली करून घेतली आणि कागलला बहिणीच्या हातात ठेवून आला. "निशे, धर. आता दार वाजवलंस तर मी उघडणार न्हाय," म्हणाला. हे निशिगंधानंच फोनवर सांगितलं, रडत आणि हसत.

६. घरावरून भावाबहिणीत वाद झाल्यास काय करावं, हे कलम मी माझ्या हातानं खोडलं आहे.

वरील मजकूर वाचून, समजून सही केली.

सयाजी दादू साळोखे

आमच्यासमक्ष सही झाली, साक्षीदार:
बाळासो गणपती सरनाईक, शिवाजी पेठ
शशिधर शिवाप्पा पट्टणशेट्टी, किराणा दुकानदार, शिवाजी पेठ

कोल्हापूर, ९ फेब्रुवारी २०२५