गुरुवारची आत्या

७ ऑक्टोबर, मंगळवार

डेंग्यू! रिपोर्ट आला. खरं सांगायचं तर बरं वाटलं. चार दिवस दीपेश "स्ट्रेस असेल" म्हणत होता. आज सॉरी म्हणाला आणि किवी आणायला गेला. नवरा वाईट नाही, फक्त डॉक्टर नाही.

प्लेटलेट ८२ हजार. आमच्या बोळिंजच्या बिल्डिंगमधली मी तिसरी.

पडल्या पडल्या सिरीयल बघितली. नायिकेला सणकून ताप, कपाळावर पट्टी — आणि लिपस्टिक जागच्या जागी! मी आरशात बघितलं आणि परत झोपले. सुपरहिरोंचंही तेच. बिल्डिंगी उचलतात, पण सलाईन लावलेला एक दाखवा.

गुरुवारचं कॉमिक तयार आहे, देवाची कृपा. 'गुरुवारची आत्या' चार वर्षांत एकदाही चुकलेली नाही. मी काढते, ऑनलाइन टाकते, त्रेचाळीस हजार लोक बघतात. जिच्यावर आहे तिलाच माहीत नाही. यमुनाआत्या गावी कामणला एकटी राहते आणि फोन दुधाच्या पिशवीत रबर लावून ठेवते. फोन उचलणं आणि ठेवणं, एवढंच तिला येतं.

८ ऑक्टोबर, बुधवार

६१ हजार. अंग कुणीतरी धोपाटण्याने बडवल्यासारखं.

ताप चढला की डोक्यात एकच — आत्याला कळलं तर? आई गेली तेव्हा मी सहा वर्षांची. आत्याने उचललं, कामणला नेलं, वाढवलं. आणि मी तिचं नाक, तिचं लुगडं, तिचा पिशवीतला फोन, सगळं जगाला दाखवत बसले. न विचारता! दहा झाली की सांगू म्हटलं. मग म्हटलं शंभर झाली की. आता दोनशे झाली. एका हळदीत तिच्या नणंदेने तिच्या नाकावर गाणं रचलं, तर आत्या तिच्याशी अकरा वर्षं बोलली नाही. मला अकरा वर्षं परवडणार नाहीत.

उद्याचं कॉमिक तर अगदी घडलं तसंच आहे. गणपतीत गेले होते. आत्या नवं लुगडं नेसून ओट्यावर उभी राहिली. "फोटो काड. मोटा. फ्रेमला बसंल असा. नायतर मी गेल्यावं तुमी मतदानाच्या कार्डावरचा लावाल." मी हसून हसून लोळले. आणि घरी येऊन काढलं. चार चित्रं. पहिल्यात भिंतीवर आत्याचा हार घातलेला फोटो, दुसऱ्यात स्वतः आत्याच समोर उभी राहून तो तपासतेय, हारात नाक लपतंय का. मग मतदानाचं कार्ड येतं.

९ ऑक्टोबर, गुरुवार

१०३ ताप. डोळे उघडत नाहीत. पण टाकलं! गुरुवार वाचला.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

आत्याला मारलं मी.

नीट लिहिते. आत्या धडधाकट आहे. पण मी काल तापात चारऐवजी एकच चित्र टाकलं. पहिलं. हार घातलेला फोटो, खाली एक शब्द नाही. आज सकाळी फोन उघडला तर अकराशे लोकांची 'भावपूर्ण श्रद्धांजली'! एकजण लिहितो, 'आमच्या घरातलंच माणूस गेलं.' वाचून मलाच रडू आलं, आणि मग लक्षात आलं.

उडवलं लगेच. काय उपयोग! आत्याच्या शेजारची रोशनी, आता लग्न होऊन लांब गेलेली, माझी पोस्ट गुपचूप बघते, तिने चित्र गावाच्या ग्रुपवर टाकलं होतं. 'विनिताताईने टाकलंय, म्हणजे खरंच असेल.' तिथून पुढे कुठे कुठे गेलं देव जाणे.

आत्याला तीनदा फोन केला. उचलत नाही. दीपेश म्हणतो, "पिशवीत असेल." मला माहितीये पिशवीत नसेल. सुरू झाली अकरा वर्षं.

५४ हजार. डॉक्टर म्हणाले ॲडमिट करायची गरज अजून नाही, पाणी प्या. पाणी पितेय आणि रडतेय, हिशोब बरोबर.

११ ऑक्टोबर, शनिवार

आली!

सकाळी दहाला बेल. दारात आत्या, काखेत बोचकं, हातात पपईची पानं. दीपेशने रात्री गावात डेंग्यूचा निरोप धाडला होता म्हणे. मी उठून बसले. तिने कपाळाला हात लावला. "तापली हायस. मंग सांगितलं नाय क्याला?" एवढंच. पानं वाटून रस पाजला. असलं कडू आयुष्यात प्यायले नाही, पण नाही म्हणायची हिंमत कुणाची!

जेवणं झाल्यावर समोर बसली. "मी सुकट निवडत व्हते. टेम्पो भरून मानसं आली. बाया रडतान. मी इचारलं, कोन गेला? तर म्हनं तू!" सगळ्यांना चहा पाजून परत पाठवलं म्हणे, त्या गडबडीत माझे फोन ऐकूच आले नाहीत. मी हात जोडले. ती म्हणाली, "दाव."

दोनशे कॉमिकं. चष्मा लावून एकेक बघितलं. दोन तास लागले. चेहऱ्यावर काही नाही, फक्त बोट फिरतंय. मला वाटलं आता बोचकं उचलेल.

शेवटी म्हणाली, "नाक बराबर हाय."

मग फोन माझ्या तोंडासमोर धरला. "पन काष्टा असा खवतान का गो? चार वर्सं झाली, उलटा काडतंस! लोक काय म्हनतील, यमुनाला लुगडं नेसता येत नाय!" त्रेचाळीस हजारांत एकाच्याही लक्षात आलं नव्हतं. आत्याने उभं राहून, पदर खोचून, दोनदा दाखवलं. मी तापात स्केच केलं. हसता हसता खोकला आला. छातीवरचा धोंडा उतरला — मी तिला बिलगले आणि घामाने तिचा पोलका ओला केला. "लांब सर, तुजे डास मला लागतील," म्हणाली.

१२ ऑक्टोबर, रविवार

९६ हजार! डॉक्टर किवीला श्रेय देतात, आत्या पपईला.

दुपारी दोघी कोरियन सिरीयल बघत होतो, हिंदीत डब केलेली. हिरो आजारी नायिकेला वाटीतून काहीतरी भरवतो. आत्या ताडकन उठून बसली. "ही तं आपली पेज! मीठ घातलान का बग." मग पुढचे तीन भाग तिनेच लावायला लावले. हिरोचं कातडं फार गोरं आहे, त्याला उन्हात पाठवा, असं तिचं मत.

चारही चित्रं परत टाकली, काष्टा दुरुस्त करून. खाली लिहिलं, 'आत्या जिवंत आहे आणि रागावलेली आहे.' कॉमेंट वाचून दाखवल्या. खूश होती. पण हार घातलेल्या चित्रावर आली की बोट जरा थांबतं तिचं. नाकच बघत असणार.

१३ ऑक्टोबर, सोमवार

ताप गेला. गावी शेतात भात पिवळं झालंय, कापायला माणसं सांगितलीत, तरी आत्या निघायचं नाव घेत नाही. "तुजी तब्येत पडली." माझी तब्येत आता तिच्यापेक्षा बरी!

आणि तासातासाला पिशवीतून फोन काढते, बघते, रबर लावून ठेवते. मी चिडवलं, "काय आत्या, लाइक मोजतेस?" हसली नाही. प्रसिद्धी डोक्यात गेली वाटतं.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

अकराला तिचा फोन वाजला. "बरं. बरं डॉक्टर," म्हणाली आणि स्वयंपाकघरात ओट्याला टेकून खालीच बसली.

छातीत गाठ होती. गणपतीच्या आधीपासून. एकटीच वसईला जाऊन तपासायला दिलेली, कुणाला बोलली नाही. साधी निघाली. काही नाही, साधी गाठ! माझी सेवा करायला आली नव्हती ती. घरी एकटीने रिपोर्टची वाट बघवेना, म्हणून आली होती. आणि तो फोटो तिने मस्करीत काढायला लावला नव्हता. दोनशे वेळा तिला काढलं मी, आणि हे मला दिसलं नाही.

दोघी ओट्याखाली बसून रडलो. मग तिनेच डोळे पुसले.

"त्या हाराच्या चित्राचं काय करू?" मी विचारलं.

"दिवालीला टाक परत," म्हणाली. "हार काडून."