बिनचावीची कमान

१७ नोव्हें. ८१, मंगळवार
साहेबांनी केबिनमधून हाक मारली. म्हटलं, आलं परत संडासाचं डिटेल. सहा वर्षं या ऑफिसात जिने आणि संडास काढतेय. वाशीत निम्मी माणसं धापा टाकतात ती माझ्याच पायऱ्यांवर. पण आत दोन म्हातारे बसलेले, जासईच्या पलीकडच्या गावचे. गावदेवीच्या देवळापुढे कमान पाहिजे. दगडी. चैत्रातल्या जत्रेला पालखी तिच्याखालून निघाली पाहिजे. साहेब म्हणाले, "हे तू बघ." मी इतक्या जोरात "हो" म्हटलं की एका म्हाताऱ्याचा चहा बशीत सांडला.

कमान! कॉलेजात परीक्षेपुरती काढली ती शेवटची. हल्ली सगळं सपाट, खांब बीम स्लॅब, खांब बीम स्लॅब. मला कुणीतरी खरी कमान देईल असं वाटणंच बंद झालं होतं.

२० नोव्हें.
ड्रॉइंग झालं. अर्धगोल, काळ्या दगडाची, मध्ये चावीचा दगड. चार वेळा काढली, चारही वेळा छान दिसली.

अरुणला जेवताना समजावलं. कमानीला पाठ असते, पोट असतं, खांदे असतात. अ. म्हणाला, "ही कमान आहे की आमची नागपूरची आत्या?" सासूबाई इतक्या हसल्या की ठसका लागला.

२९ नोव्हें., रविवार
सत्यानाश.

सकाळच्या एस.टी.ने गावात गेले. देवळात सगळं गाव जमलेलं. त्या दिवशीचे दोघे म्हातारे आज समोरासमोर, दोन बाजूंना. हसुरामदादा वरच्या आळीचे, गोमादादा खालच्या आळीचे. मी ड्रॉइंग भिंतीला लावलं आणि फार ऐटीत म्हणाले, "ही मधली चावी. ती सगळ्यात शेवटी बसते. सगळा भार तिच्यावर. चावी नसेल तर कमान नाही."

तेवढ्यात हसुरामदादा: "मंग ती चावी कोनाकरं ऱ्हानार?"

मला वाटलं गंमत करतायत. हसले. कुणीच हसलं नाही. गोमादादा उठून उभे. "देवलाची चावी वरल्या आलीला हाय. कमानीची तरी खालच्या आलीला पायजे." त्यावर वरची आळी उठली. मी ओरडतेय, "अहो, दगड आहे तो! दगडाचं नाव आहे!" पण माझा आवाज ऐकतो कोण. देवळाच्या किल्लीवरून दोन्ही आळ्यांत आधीपासून धुसफूस आहे म्हणे, आणि मी बरोबर त्यातच पाय घातला.

परत येताना एस.टी.त एकटीच हसत होते. कंडक्टरने दोनदा वळून पाहिलं. घरी आल्यावर मात्र रडू आलं.

३० नोव्हें.
ऑफिसात गोष्ट सांगितली. सगळे लोळायचे बाकी. साहेबही हसले, मग चष्मा पुसत म्हणाले, "लफडं नको. दोन खांब, वर बीम, संपलं. नाही जमलं तर परत जिन्यांकडे."
बीम म्हणे! पालखी काय बीमखालून काढायची?

४ डिसें.
निरोप आला. चावी म्हणजे दगड हे गावाला पटलं. चला, सुटलो म्हणेपर्यंत पुढचं वाक्य : आता तो दगड बसवायचा मान कोणाचा? वरची आळी म्हणते आमचा. खालची म्हणते, देवळाची किल्ली तुमच्याकडे, मग दगड आमचा. नाहीतर वर्गणी बंद, काम बंद.
म्हणजे शब्द कळला आणि भांडण पक्कं झालं. आधी निदान गैरसमज तरी होता.

६ डिसें., रविवार
अ.ने तोडगे सुचवले. दोन चाव्या बसव. (मध्य एकच असतो रे.) चिठ्ठी टाक. (हरलेली आळी जत्रेला येणार नाही.) साहेबांना बसवू दे. (साहेब शिडीवर चढत नाहीत.) 

दुपारी डाळ निवडता निवडता एकदम सुचलं, डाळ तशीच टाकून उठले. टोकदार कमान! तिला मध्ये दगडच नसला तरी चालतो. दोन बाजू वर चढत येतात आणि एकमेकींवर टेकतात, मध्ये फक्त सांधा. चावीच नाही, तर मान कसला? एक बाजू वरच्या आळीची, एक खालच्या.

संध्याकाळपर्यंत कागदावर. अर्धगोलापेक्षा देखणी आहे, खरं सांगायचं तर. डाळ सासूबाईंनी निवडली, वर म्हणाल्या, "काढ हो तू."

९ डिसें.
साहेबांनी बराच वेळ बघितलं. "गाव म्हणेल, हे कसलं टोक? असली कमान आपल्या देवळाला नसते." हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. "रविवारी शेवटचं जा. नाही म्हणाले तर सोमवारी बीम काढायला घे."

रात्री जेवणात लक्ष नव्हतं. सासूबाईंनी ड्रॉइंग मागून घेतलं, लांब धरून बघितलं. "अगं, ही तर महिरप! आमच्या साताऱ्याकडं गणपतीच्या मखराला अशीच असते. टोकाची. तू मेली कमान कमान करत बसलीस." 
महिरप. सहा वर्षं नोकरी, पाच वर्षं कॉलेज, आणि हा शब्द मी फक्त सजावटीपुरता समजत होते. सासूबाईंचा गालगुच्चा घ्यावासा वाटला. घेतला नाही. त्या घाबरल्या असत्या.

१३ डिसें., रविवार
आज भिंतीला काही लावायच्या आधीच म्हटलं, "देवीला महिरप करू या." 

"आपल्या गनपतीला असते तशी?" मागून एक बाई. 
"तश्शीच. दगडाची." 
बायकांत कुजबुज, माना हलल्या. अर्धं काम तिथेच झालं.

मग सांध्याचं. यल्लप्पा मिस्त्री बरोबर होता, सोलापूरकडचा, उभ्या जन्मात स्लॅबशिवाय काही न केलेला. तोच आधी घाबरला. "मधी नुस्ती फट? पडंल की, बाई!" मी म्हटलं, बघा, आणि दोन्ही तळहात टोकांना जुळवून वर धरले. हा हात त्या हाताला ढकलतो, तो ह्याला. कुणीच पडत नाही.

तर सगळ्या गावाने मला उलट नमस्कार केला. हसुरामदादांनी, गोमादादांनी, सगळ्यांनी. मी तशीच हात जोडून उभी. हसू दाबता दाबता डोळ्यांत पाणी. 

गोमादादा म्हणाले, "म्हंजे आमची बाजू नसली तं त्यांची पन पडल?" 
"हो." 
"आनि त्यांची नसली तं आमची?" 
"हो." 
बराच विचार करून, "मंग बरोबर हाय." 

ठरलं!! साहेबांना फोन करायला जासईपर्यंत चालत आले. ते "ठीक" म्हणाले. साहेबांकडून एवढं म्हणजे हार घातल्यासारखंच.

१० जाने. ८२
पाया झाला. खांब उठतायत. दोन्ही आळ्यांची पोरं आपापल्या बाजूला दगड वाहतात, मध्ये रस्ता, रस्त्यात मी. कोणाचा खांब पुढे यावर रोज पैज. यल्लप्पाला दोन्हीकडून चहा येतो, दोन्ही प्यावे लागतात. तो म्हणतो, "पोट बिघडलं तर कमान राहील."

८ फेब्रु.
आज कालबूत चढवलं. कमान बांधून होईतो तिला खालून उचलून धरणारा लाकडी साचा. सुताराला 'सेंट्रिंग' म्हटलं तर त्याने स्लॅबच्या फळ्या आणल्या होत्या. 'कालबूत' म्हटल्यावर म्हणाला, "ते चपलांचं?" चांभाराच्या साच्यालाही तोच शब्द. "हो," म्हटलं, "देवीच्या कमानीचं माप मोठं आहे." आता गावात सगळे त्याला देवीची चप्पल म्हणतात. मीच शिकवलं, मीच भोगतेय.

साचा खाली लाकडी पाचरींवर उभा. शेवटी त्या सैल करत जायच्या, साचा खाली येतो, कमान आपली आपण उभी राहते. राहिली तर.

२८ फेब्रु., रविवार
वरची आळी दोन दगड पुढे गेली! यल्लप्पाला दम दिला : दोन्ही बाजू बरोबर चढल्या पाहिजेत, नाहीतर साचा एका अंगाला कलंडेल. हसुरामदादांना जाऊन सांगितलं, थांबा. थांबण्याचा त्यांना केवढा त्रास! रस्त्याकडेला बसून खालच्या आळीचे दगड चढताना बघत होते. शेवटी राहवेना. "अरं गोमा, त्यो दगर जरा उजवीकरं घे." गोमादादांनी उत्तर दिलं नाही. दगड मात्र उजवीकडे घेतला.

१४ मार्च, रविवार
टोकाचा सांधा भरला. दोन्ही बाजू भेटल्या, सुताचाही फरक नाही. नारळ फुटले. दोन, अर्थात. सासूबाई आणि अ. दोघंही आले होते. सासूबाई खाली उभ्या राहून वर बघत म्हणाल्या, "मखरात मीच बसल्यासारखं वाटतंय." मला तर नुसतं नाचावंसं वाटत होतं. सहा वर्षांचे सगळे जिने माफ.

पण अजून साचा खाली आहे. तो आहे तोवर कमान काय, कुणीही उभं राहील.

१९ मार्च
झोप धड नाही. सांध्यातला माल वाळला असेल ना? खांदे पुरेसे भरलेत ना? हिशेब परत केला. बरोबर आहे. परत केला. तरी बरोबर आहे.
साहेबांनी विचारलं, "कधी काढतेस?" म्हटलं, रविवारी. "मी येतो." सहा वर्षांत साहेब कुठल्या साइटवर स्वतःहून आले नाहीत.

२१ मार्च, रविवार
पाचरी दोन्ही बाजूंनी एकदम, थोड्या थोड्या सैल करायच्या. मी मोजणार, ते ठोकणार. हातोडा एकीकडे हसुरामदादांच्या हातात, दुसरीकडे गोमादादांच्या. पोरांना द्या म्हटलं तर दोघांनीही ऐकलं नाही.

एक. दोन. तीन. 
वरून 'कट्' असा आवाज आला. बारीक. साहेब दोन पावलं मागे. कमानी बसतात थोड्या, त्यांनी बसायचंच असतं, मला माहीत आहे, पुस्तकात आहे. तरी मोजणं थांबवलंच. 

हसुरामदादा रस्त्याच्या त्या बाजूने : "कोनाची बाजू बसली?" 
मी शिडीवर चढून पाहिलं. सांधा मिटलेला, आधीपेक्षा घट्ट. "दोन्ही," म्हटलं. 
"सारखी?" 
"सारखी." 
मग त्यांनी मला सोडून गोमादादांकडे बघितलं. "ऐकलास?" 
"ऐकला. बहिरा नाय मी." 
बस, एवढंच. पण यल्लप्पा म्हणतो, किल्लीचं झालं तेव्हापासून गोमादादांनी त्यांना उत्तर दिलं ते आजच.

तेवढ्यात ऊन उतरलं. उरलेल्या पाचरी उद्या सकाळी. परतताना साहेबांच्या गाडीतून आले. मी वाशीला उतरताना साहेब म्हणाले, "ती महिरप... बरी आहे."

२२ मार्च, सकाळ
ऑफिसला सुट्टी टाकली. सासूबाईंनी दही दिलं हातावर. अ. दारात. "आणि पडली तर?"
म्हटलं, पडली तर दोन्ही आळ्या मिळून मला धरतील. उभी राहिली तर कोणामुळे उभी राहिली यावर जन्मभर भांडतील. मला ते दुसरं भांडण हवंय. 
एस.टी. आली. निघते.