पहिल्या पिकाचा लिलाव

शिरूर
२ नोव्हेंबर २०२५

ती. सॅम्युएलदादास,
लिडियाचा ख्रिस्तात सप्रेम सलाम, वि. वि.

रोज दौंडहून इथल्या शाळेत येणाऱ्या हर्षदा टीचरच्या हाती तुझं पत्र पोचलं. रेल्वेच्या इंजिनावर नोकरी करून कान गेले तुझे, पण बोलायची हौस काही गेली नाही. फोनवर मी ओरडायचं आणि तू भलतंच उत्तर द्यायचंस, त्यापेक्षा हे बरं.

माझी नॅन्सी भारताच्या संघातून पहिला सामना खेळून आली, तेव्हापासून मला उसंत नाही. गिरणीत, चर्चच्या दारात, जो तो विचारतो, की बायांचापण फुटबॉल असतो का, आणि तो बघतं कोण. मग विचारतात, जिंकल्या का. हरल्या म्हटलं, की पोर दहावीला नापास झाल्यासारखं तोंड करतात. सांगून सांगून जीभ झिजली. आता मी नुसती हसते.

त्यात गल्लीतल्या सुमितनं तिच्या अभिनंदनाचा फ्लेक्स लावलाय. खेळतानाच्या फोटोत गुडघे दिसतात म्हणून मंडळाच्या पोरांना संकोच वाटला. माझ्याकडे दुसरा मागितला, तर मी नात्यातल्या एस्थरच्या लग्नातला दिला, काठपदराच्या साडीतला, हात जोडलेला. झालं! शेजारच्या धुरपदाकाकू विचारून गेल्या, की नॅन्सी कुठल्या वॉर्डातनं उभी हाय. इलेक्शनचे दिवस, त्यांचा तरी काय दोष?

येत्या रविवारी चर्चच्या मंडळीत कापणीचा सण आहे. तेव्हा तिचा सत्कार करायचं ठरलंय. सेक्रेटरी दानिएलरावांनी मला बजावलं, की पोरीनं साडीत यावं, ते खेळाचे कपडे देवाच्या घरात नकोत. मी तिला फोनवर तसं सांगितलं. तिनं विचारलं, की आई, तुला माझी लाज वाटते का. मी म्हटलं, आम्हाला याच गावात राहायचंय. तिनं फोन ठेवून दिला.

संघाच्या कॅम्पला परत जाण्याआधी ती घरी येणार होती. आता कळतंय, की ती तुझ्याकडे उतरलीये. दादा, न भेटता गेली तर मला अन्न गोड लागायचं नाही. हे दुपारपाळीला कंपनीत असतात, घरात मी भिंतींशी बोलते. तिला समजाव आणि पाठवून दे.

वहिनींना सलाम. तुझी माया आहे तोवर मला माहेर आहे.

तुझी,
लिडिया


दौंड
६ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. लिडियास,
अनेक आशीर्वाद. आम्ही सगळे खुशाल, तुम्हा उभयतांची खुशाली प्रभूजवळ मागतो, वि. वि.

तुझी लेक आमच्याकडे आहे. झोपते, उठते, वहिनीच्या हातची भाकरी खाते आणि पुन्हा झोपते. समजावायला मी कोण? रेल्वेच्या मैदानावर फाटक्या बॉलनं तिला गोलात मीच उभी केली. तेव्हा तूच मला शिव्या घालायचीस.

तो सामना मी पाहिला, त्याचीही कथा ऐक. कॉलनीच्या हॉलमधल्या मोठ्या टीव्हीवर लावायचा म्हणून आठवडाभर सगळ्यांना सांगितलं होतं. चार टाळकी जमली. सुरू झाल्यावर एकानं विचारलं, की लेडीजचा हाय व्हय, मंग मधी क्रिकेटचा स्कोअर बघू की. स्कोअर बघायला म्हणून चॅनेल बदललं ते पुन्हा फिरलंच नाही. मी भांडलो नाही, लिडे. या वयात किती जणांशी भांडू? घरी येऊन सूनबाईच्या मोबाईलवर उरलेला पाहिला. नॅन्सी दुसऱ्या हाफला उतरली. दोन गोल तिच्यावर झाले, पण एक पेनल्टी तिनं अशी अडवली, की मी खुर्चीवरून उठलो. उजवा खांदा अजून काळानिळा आहे. तुला सांगू नको म्हणाली, म्हणून सांगतोय.

शिरूरला यायला तयार नाही. थेट इथूनच गाडी धरते म्हणते. मात्र हर्षदाबरोबर एक पिशवी पाठवली आहे. तिच्यात त्या सामन्यातला शर्ट आहे. शेताचं असो की कोंबडीचं, पहिलं पीक देवाचं, हे आपल्या आईनं तिला शिकवलं होतं. तिचं म्हणणं, तिचं पहिलं पीक हेच आहे. रविवारी सगळ्यांच्या दानाबरोबर तेही टेबलावर ठेव. सत्कार नको, एवढाच निरोप आहे.

बघ, तुला काय जमतं ते. रागावलीस तरी पत्र धाडायला विसरू नकोस.

तुझा,
सॅम्युएलदादा


शिरूर
९ नोव्हेंबर २०२५

ती. दादास,
लिडियाचा सलाम, वि. वि.

आज सण झाला. शर्ट मी टेबलावर ठेवला. भोपळा, बाजरीची कणसं, अंडी यांच्यामध्ये तो गोलकीपरचा पोपटी शर्ट. उपासनेनंतर नेहमीसारखा दानाचा लिलाव झाला. दानिएलराव पुकारत होते. लाल भोपळ्यावर दोन घरांनी ईर्ष्येनं अशी बोली वाढवली, की हसून हसून पुरेवाट. गावरान कोंबडीसाठी धुरपदाकाकूसुद्धा येऊन बसल्या होत्या.

मग दानिएलरावांनी शर्ट वर धरला. बोली काही येईना. आपलं दान आपण बोली लावून परत घ्यायचं नसतं, म्हणून मला तोंड उघडता येईना. मागून कुणी विचारलं, की क्रिकेटचा हाय का. दुसरा म्हणाला, थंडीत मोटारसायकलवर घालायला बरा हाय, पण बाईचा पडला. दानिएलरावांनी दोनदा पुकारलं. माणूस वाईट नाही; मला अवघड वाटू नये म्हणून मग त्यांनी घडी घातली आणि म्हणाले, की हा बोर्डिंगच्या पोरांसाठीच्या जुन्या कपड्यांच्या गाठोड्यात टाकू.

जुने कपडे! दादा, माझ्या पोरीनं तो एकदाच घातलाय.

मी उठले. त्यांच्या हातून शर्ट घेतला आणि सगळ्यांदेखत साडीवरून अंगात घातला. म्हटलं, बोली लावत नाही, गाठोड्यात जाण्यापेक्षा माझ्या अंगावर राहू दे. आता पुढचं पुकारा. लिलाव संपेपर्यंत तशीच बसून राहिले. टाळी कुणी वाजवली नाही. दानिएलरावांनी अंडी पुकारली.

बाहेर पडताना धुरपदाकाकूंनी काखेत कोंबडी धरून माझी बाही चाचपली. कोपरावर मातीचा डाग आहे, तो बघितला आणि विचारलं, की पोरीला लागत आसंल न्हाई. एवढ्या दिवसांत एवढ्या लोकांनी एवढं विचारलं, पण हे कुणी विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही. लागतं म्हटलं, आणि तिथंच रडले.

तिला सांग, तिनं फोनवर विचारलं होतं त्याचं उत्तर, होय, वाटत होती लाज. लाज धरायलासुद्धा अंगात बळ लागतं, माझं संपलं. यायचं नसेल तर नको येऊ दे. खांद्याला शेक मात्र द्यायला लाव.

तुझी थकलेली,
लिडिया


दौंड
११ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. लिडियास,
आशीर्वाद, वि. वि.

घाईत आहे, हर्षदा दारात उभी आहे. नॅन्सीनं तुझं पत्र ओट्याशी उभ्या उभ्या वाचलं, मग पुन्हा बसून वाचलं. मी विचारलं काय झालं, तर तिनं काहीतरी सांगितलं, पण रडत बोललेलं मला ऐकू येत नाही.

उद्या सकाळच्या एस.टी.नं ती येते आहे. संध्याकाळी परत निघेल, तेवढ्यात पोटभर जेवू घाल. तिनं तुला निरोप लिहून दिलाय, तो तसाच उतरवतो. आई, मला घ्यायला स्टँडवर ये आणि तोच शर्ट घालून ये.

वाटेत तो हात जोडलेला फ्लेक्स लागतो म्हणे. त्याच्याखालूनच या दोघी.

उद्या तुझ्या घरी माझ्या वाटणीचंही हसा,
सॅम्युएलदादा