बाबा बाहेर बसलेत

३ फेब्रुवारी

आजही कोणी नाही! म्हणजे एक बाई आली होती. दार ढकललं, रिकाम्या खुर्च्या बघितल्या आणि म्हणाली, "सॉरी हं, मला वाटलं झेरॉक्सवाला." शेजारी झेरॉक्सच्या दुकानात रांग, आणि दाताच्या डॉक्टरकडे कुत्रं फिरकत नाही.

महिनाअखेरपर्यंत जम बसला नाही तर ही जागा सोडायची आणि परत मोठ्या डॉक्टरांच्या हाताखाली जायचं, दुसऱ्या गावात. बाबांना इथे एकटं टाकून. आई गेल्यापासून ते माझ्याशिवाय धड जेवतसुद्धा नाहीत. निघताना मोठे डॉक्टर म्हणाले होते, "तुझा हात चांगला आहे, पण तुझ्यापाशी माणूस टिकत नाही." तेच डोक्यात घोळतंय.

५ फेब्रुवारी

चूक सापडली — बाहेरची खोली! आज स्वतः पेशंटसारखी तिथे बसले आणि मलाच पळून जावंसं वाटलं. समोर माझं दार, दारामागे मशीनची घरघर, भिंतीवर किडलेल्या दातांचा हा एवढा मोठा तक्ता. ट्यूबलाइट थेट डोळ्यांत. माणूस बसणार कसा?

तक्ता काढून टाकला. रंगाऱ्याला बोलावलं. सुताराला सांगितलं, पाठ टेकता येईल असं बाक कर, आणि तोंड खिडकीकडे हवं. म्हणाला, "डॉक्टर, दवाखाना करताय की हॉटेल?"

९ फेब्रुवारी

रंग झाला, फिकट पिवळा. पडदे, मंद दिवा, कुंडी. दाराला रबराची पट्टी लावली, दार बंद असलं की घरघर बाहेर जात नाही. आणि तरी कोणी नाही!!

रडले. बाबा म्हणाले, "रिकाम्या दवाखान्यात कोण शिरेल? उद्यापासून मी बसतो बाहेर. पेशंट म्हणून."

रडता रडता हसू आलं. ऑफिसच्या नाटकांत बाबांनी जन्मभर निरोप्याची कामं केली. आता मुख्य भूमिका!

१२ फेब्रुवारी

भूमिका डोक्यात गेलीय त्यांच्या. गालाला हात लावून बसतात काय, कण्हतात काय! आज एक गृहस्थ आले — खरे, जिवंत पेशंट. बाबांनी त्यांना पकडलंच. "डावीकडची दाढ हो. गालाला आतून जखम झालीय, भरतच नाही. घास तिकडे नेता येत नाही." दार किलकिलं होतं, मला सगळं ऐकू आलं. गृहस्थ मुकाट्याने उठून गेले.

मी तावातावाने बाहेर गेले. "बाबा, अहो किती तो अभिनय! लोक घाबरतात."

"अगं, पण —"

"पण नाही नि बिण नाही. नुसता पेपर वाचत बसा."

ओशाळले बिचारे. मलाही मग वाईट वाटलं.

१६ फेब्रुवारी

बसून बसून बाबांना त्या खोलीतलं माझ्यापेक्षा जास्त कळायला लागलंय. बाक पुढे ओढायला लावलं, "मागे डोकं आपटतं." घड्याळ समोरून हलवलं. पाण्याचा जग कोपऱ्यात होता, तो बाकाशेजारी आणला — "दुखणाऱ्या माणसाला उठवतेस कशाला?"

दुपारी डबा खाताना म्हणाले, "जरा बघतेस का गं माझं?" मी म्हटलं, "बाबा, तालीम पुरे! इथे पडद्याच्या कड्या निसटतायत." त्यांनी डबा अर्धाच ठेवून झाकण लावलं.

१९ फेब्रुवारी

कोणी नाही. संपलं. मोठ्या डॉक्टरांना फोन लावला, त्यांनी उचलला नाही. बरंच झालं, मी तरी काय बोलणार होते!

२५ फेब्रुवारी

भरली! खोली भरली!! काल झेरॉक्सवाला दाढ धरून आला होता आणि हसत गेला. आज त्याने अख्खी रांग इकडे वळवली. कोणीही उठून गेलं नाही! एक मुलगी तर बाकावर गाढ झोपली. एक मावशी बाबांना म्हणाल्या, "आजोबा, तुम्ही केव्हाचे बसलाय, आधी तुम्ही जा." बाबा म्हणाले, "माझं काय, घरचंच आहे."

कुठेही जायचं नाही आता. बाबांना सोडून कुठेच नाही! हे सगळं त्यांच्यामुळे झालं. उद्या दवाखाना उघडल्याबरोबर त्यांना खुर्चीत बसवणार आणि दात चकाचक करून देणार — बक्षीस!

२६ फेब्रुवारी

बाबांनी आ केला. मी दिवा खाली ओढला. डावीकडची शेवटची दाढ तुटलेली. तिची कड गालात रुतलेली, आणि तिथे जखम. पांढरी. बोट लावलं — कडा कडक, पुस्तकात कॅन्सरच्या जखमेच्या असतात तशा.

"कधीपासून आहे हे, बाबा?"

"सांगत तर होतो गं. रोज, बाहेर बसून."