आठ श्रोत्यांची महागायिका

तीर्थरूप आत्यास,

तुझ्या भाचीचा वाकून नमस्कार. (खोली लहान आणि ट्रॉफी मोठी, त्यामुळे वाकलं की कपाळ तिच्यावर आपटतं, पण तुझ्यासाठी तेवढं सोसते.) गुडघा कसा आहे? सांगितलेले व्यायाम करतेस, की डॉक्टरांना ‘करते’ असं नुसतं सांगतेस?

दीड वर्षात पत्र नाही म्हणून रागावली असशील, आणि ते बरोबरच आहे. शेजाऱ्यापाजाऱ्यांचे फोन मागून आणून, अंगठा सुजेपर्यंत तू मला मतं दिलीस, म्हणून मी टीव्हीवर ‘महागायिका’ झाले. पण त्यानंतर कळवण्यासारखं काही घडेचना. वर्षभर वाहिनी सांगेल तिथेच गायचं असा करार होता, आणि वाहिनीने मला सांगितलं ते फरशांच्या दुकानाच्या उद्घाटनाला. (तिथे आवाज असा घुमायचा की माझी पहिली ओळ मला तिसऱ्या ओळीच्या वेळी ऐकू यायची.) मग टायरचं दुकान, मग गाद्यांचं. तिथे श्रोत्यांना गाद्यांवर बसवलं होतं. दुसऱ्या गाण्याला निम्मे आडवे झाले, तिसऱ्याला एक गृहस्थ घोरू लागले, आणि मालक खूश होऊन म्हणाले, “बाई, याहून चांगली जाहिरात नाही.” सिनेमातही गायले हं. न्हाव्याच्या दुकानात मारामारी चालते, तेव्हा मागे रेडिओवर अकरा सेकंद मी आहे. आरसा फुटला की मी संपते. पुढे नव्या वर्षाची नवी महागायिका आली आणि वाहिनीच्या कचेरीत माझा फोन उचलणाऱ्या मुलीने मला विचारलं, “आपण कोण?” चष्म्याच्या दुकानातली नोकरी तर अंतिम फेरीआधीच सोडली होती. (मालक म्हणाले होते, निकाल तरी लागू दे. मी ऐकते कुणाचं?) दोन महिने मी रियाजसुद्धा केला नाही, आत्या. पेटी उघडली की रडू यायचं.

करारातलं शेवटचं उद्घाटन राहिलं होतं, एका इस्पितळाच्या नव्या इमारतीचं. गेले, मनाविरुद्ध गेले. फीत कापली, मी एक जुनं गाणं सुरू केलं आणि दुसरं कडवं साफ विसरले. नुसतं गुणगुणत वेळ काढत होते, तेवढ्यात पुढच्या रांगेतून कुणीतरी ते कडवं घोगऱ्या आवाजात म्हणू लागलं. चाकाच्या खुर्चीतले एक गृहस्थ, पूर्वीचे बस कंडक्टर. शेजारी त्यांची बायको संत्रं सोलत होती, तिचे हात थांबले. मी बावरून गप्प झाले, तर ती दबक्या आवाजात म्हणाली, “थांबू नकोस. आठ महिन्यांत हे ‘नाही’शिवाय दुसरा शब्द बोललेले नाहीत.”

पक्षाघाताचा झटका आल्यावर बोलणं गेलं तरी गाणं कधीकधी शाबूत राहतं, असं तिथल्या वाचा-उपचार करणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी मला नंतर सांगितलं. साधी वाक्यं चालीवर बसवून शिकवता येतात, म्हणाल्या, पण माझा सूर बरा नाही, तू मंगळवारी येशील का? मी गेले. आता रोज जाते, त्यांच्या हाताखाली रीतसर शिकते आणि तिथेच नोकरीलाही लागले. असे बोलणं गेलेले आठ जण आहेत. ‘पाणी हवंय’, ‘दिवा घालव’, ‘उशी नीट कर’ अशा माझ्या नव्या रचना. एक निवृत्त मुख्याध्यापिका ‘चहा गार आहे’ एवढं म्हणायला शिकल्या आणि आता गरम चहालाही तेच गातात. कंडक्टरांना मात्र चार महिने लागले. परवा बायको आली तेव्हा त्यांनी मांडीवर ताल धरला आणि माझ्याकडे न बघता तिला गाऊन विचारलं, “तू जेवलीस का?” ती बिचारीही चालीवरच उत्तरली, “जेवले, जेवले.” सुराचा पत्ता नव्हता, आत्या. खरं तर ती जेवलीही नव्हती. डबा तसाच बंद होता. मी खिडकीकडे तोंड करून उभी राहिले.

तुझ्या त्या अंगठ्यामुळे मी इथवर पोचले, हे सांगायला हे पत्र. वाहिनीचेही आभार मानते, फरशीवाल्याचेही, आणि विसरलेल्या त्या कडव्याचे तर सर्वांत आधी.

तुझी,
भाची

ता.क. वाहिनीने परत बोलावलंय, सगळ्या जुन्या विजेत्यांची स्पर्धा आहे. तीन महिने तिकडे राहावं लागेल. मी नाही म्हणून कळवलं.

ता.क. २. बाबांना हे पटणं कठीण आहे. त्यांनी ‘महागायिकेचे वडील’ अशी कार्डं छापून घेतली आहेत आणि या स्पर्धेचं अर्ध्या गावाला सांगून झालंय. तू त्यांची थोरली बहीण, तुझ्यापुढे ते आवाज चढवत नाहीत. तेव्हा तेवढं तूच त्यांच्या कानावर घाल.

ता.क. ३. खरं म्हणजे कानावर गेलंय. काल फोनवर ते फार चिडले, तेव्हा मी घाबरून सांगितलं की नकार दे असं तूच मला बजावलंस. रविवारी सकाळी ते तुझ्याकडे येताहेत.